मधला चौकोन

१

नोकरीत असताना मला एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे दुपारची झोप. बढती नको, परदेशवारी नको. डबा खाऊन झाला की डोळ्यांवर पेंग यायची आणि समोर फायलींचा ढीग असायचा. मी विमा कंपनीत क्लेम विभागात होतो. लोक सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळायचा. खोटी सही, खोटी आग, खोटं दुखणं, सगळं पाहून झालं होतं. त्यामुळे कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी आधी कागदपत्रं मागायचो.

निवृत्त झालो, मनवेलपाड्यातला फ्लॅट भाड्याने दिला आणि एका सहलवाल्याची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. कल्पना माझ्या बायकोची, जयवंतीची. ती साताऱ्याकडची. गोधडी शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. जन्मभर शेजारणींना फुकट शिवून दिल्या, आता गावोगाव फिरून विकू म्हणाली. लोक म्हातारपणी काशीला जातात, आपण केळव्याला जाऊ, असं म्हणून मी किल्ली खिशात घातली. सीटा काढल्या, फळीचा पलंग केला, त्याच्या खाली चिंध्यांची गाठोडी आणि मागच्या दाराशी शेगडी. आमची मुलगी अनुष्का पुण्याहून आली आणि तिने दारावर रंगाने लिहिलं, 'जयवंतीच्या गोधड्या'. त्याखाली बारीक अक्षरात, 'चालक व चहावाला : प्रल्हाद'. त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी आधी मी उठायचो आणि विचारायचो, "चहा टाकू का?" जयवंती पांघरुणातूनच 'हं' म्हणायची, मग आमचा दिवस सुरू व्हायचा.

आणि दुपारी झोप. अर्नाळ्याला सुरूच्या बनात, पाचूबंदरला किल्ल्याच्या बाजूच्या रस्त्यावर, कुठेही सावली बघून गाडी लावायची. जयवंती बाहेर दोरीवर गोधड्या टाकून गिऱ्हाईक बघायची आणि मी आत आडवा व्हायचो. एवढं सुख आपल्याला पचेल ना, अशी कधी कधी मला भीतीच वाटायची.

२

कमळीताई आम्हाला पाचूबंदरला भेटल्या. सुकी मासळी घ्यायला आल्या होत्या, टोपली खाली ठेवून बराच वेळ एका गोधडीवर हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी जयवंतीला विचारलं की आमच्या म्हाताऱ्याच्या कपड्यांची अशी शिवून देशील का. त्यांचा नवरा काशीराम दसऱ्याच्या सुमाराला गेला होता.

अशी कामं आम्ही आधीही केली होती. कुणाच्या आईच्या साड्या, कुणाच्या वडिलांची धोतरं. मला त्यात गैर काही वाटत नसे. कपडे टाकून देण्यापेक्षा अंगावर आलेले बरे. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. जूचंद्र ओलांडलं की कामणच्या अंगाला खाडीलगत मिठागरं आहेत, त्यांच्या कडेला चार घरं. मी गाडी वळवत बाहेरच राहिलो आणि जयवंती आत जाऊन गाठोडं घेऊन आली. कमळीताई तिच्यामागे ओट्यापर्यंत आल्या. घरात त्या एकट्याच होत्या, मुलगा आणि सून रविवार सोडला तर रोज कंपनीत जायचे. सबंध दिवस त्या आणि खाडीवरचा वारा, असं त्या म्हणाल्या. ते ऐकून मला त्यांची दया आली.

निघताना त्यांनी जयवंतीच्या मनगटाला धरलं. "फकस्त त्याचीच कापडं घाल, बाय. दुसऱ्या कोनाचं धडूत नको. जित्या मानसाचं त नकोच."

जयवंतीने मान डोलावली. गाडीत बसल्यावर मी तिला म्हटलं की ही तर पॉलिसीतल्या बारीक अक्षरातली अट झाली. ती हसली नाही. गिऱ्हाइकाने सांगितलं तर ऐकावं, एवढंच म्हणाली.

३

गोधडी छान झाली. काशीरामच्या लुंग्यांचं अस्तर, वर सदऱ्यांचे तुकडे, बहुतेक निळे आणि राखी. जयवंतीने रोज सकाळी दाराशी पाय पसरून धावदोरा घातला. शेवटच्या दिवशी ती एकदम थांबली आणि तिने कपाळाला हात लावला. मधल्या चौकोनाला कापडच उरलं नव्हतं.

तिच्या माहेरची रीत अशी, की गोधडी पुरी होत आली की मधोमध एक चौकोनी तुकडा लावायचा आणि त्याच्या खाली तांदळाचे चार दाणे ठेवून तो शिवून टाकायचा. गोधडी उपाशी धाडू नये म्हणतात. मी तिला कितीदा चिडवलं होतं, की एवढ्या गोधड्या जेवू घातल्यास, एखादीने ढेकर दिला का. पण ती हा तुकडा कधी चुकवायची नाही.

ती म्हणाली की कमळीताईंकडे जाऊन काशीरामची एखादी टोपी, टॉवेल, काहीतरी घेऊन येऊ. आम्ही तेव्हा अर्नाळ्याला होतो. तिथून जूचंद्रच्याही पुढे जायचं, ते ट्रक, ते खड्डे, परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पुन्हा तिकडेच जायचं. दुपारचं जेवण झालेलं होतं, माझे डोळे जड झाले होते. मी दांडीवरून माझा निळ्या चौकड्यांचा जुना शर्ट काढला. त्याची कॉलर कधीचीच विरली होती. मी म्हटलं, हा घे, रंग अगदी तोच आहे, त्याच्या बापालाही कळणार नाही.

जयवंतीने नको म्हटलं, दोनदा म्हटलं. मी म्हटलं, चौकोनाला काय माहीत तो कुणाच्या पाठीवरचा आहे. ती थोडा वेळ शर्ट हातात धरून बसली. मग तिने पाठीचा तुकडा कापला, आमच्याच डब्यातले तांदूळ त्याखाली ठेवले आणि टाके घालायला लागली. मी आत जाऊन झोपलो.

गोधडी पोचवली तेव्हा कमळीताईंनी ती ओट्यावर पसरली. त्यांचा हात कडेकडेने फिरत गेला आणि मधल्या चौकोनावर थांबला. त्यांनी वर पाहिलं, ते जयवंतीकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं, त्यांचाच सदरा आहे. त्यांनी पुन्हा एकदा तिथून हात फिरवला आणि गोधडी घडी करून छातीशी धरली.

४

आम्ही केळव्याला गेलो. तिथे आठवडाअखेरीला गर्दी असते, गोधड्या बऱ्या खपल्या. एका सकाळी कमळीताईंचा जयवंतीला फोन आला. आवाज अगदी खूश होता. जयवंतीने फोन स्पीकरवर टाकला.

त्या म्हणाल्या की गोधडीने फार बरं केलं. दुपारी पाठ टेकली आणि ती अंगावर घेतली की ऊब येते, नुसती कापडाची नाही, बाजूला माणूस निजल्यासारखी. तो येतो, म्हणाल्या. जयवंती माझ्याकडे बघायला लागली. मी खुणेने सांगितलं, बोलू दे, बरं वाटतं त्यांना. एकटं राहिलेलं माणूस सुतावरून स्वर्ग गाठतं, त्यात वावगं काय.

"पन लय सुधारला गं," कमळीताई म्हणाल्या. "जिता होता तवा उठून पानी घेतलं नाय कदी. आता जाताना इचारतो, चहा टाकू का."

जयवंतीने फोन बंद केला आणि ती सुईत दोरा ओवायला लागली. तिला तो ओवता येईना. मी म्हटलं की चहा काय मीच एकटा विचारतो का, महाराष्ट्रात निम्मे नवरे विचारत असतील. ती म्हणाली, निम्मे नाही. मग मी विषय बदलला, पण मलाही त्या वाक्याने मनात कुठेतरी खडा टोचल्यासारखं झालं होतं. त्या दिवशीही मी दुपारी झोपलो.

५

माझी भूक गेली. सकाळी ठीक असायचं, दुपारी जेवायचो, पण झोपून उठल्यावर रात्रीपर्यंत पोट तुडुंब. जयवंती भाकरी करायची आणि मी ताट बाजूला सारायचो. आधी तिला राग यायचा, मग काळजी वाटायला लागली. पालघरला एका डॉक्टरकडे गेलो. त्याने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, काका, जेवता तर व्यवस्थित. हवा बदलली की असं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. साठीनंतर पोट आपलं राहत नाही.

मग हाताचा वास. मी माळकरी नाही, पण लहानपणापासून मासे खात नाही, आमच्या घरात मासे नाहीतच. एका दुपारी उठलो, तोंडावरून हात फिरवला आणि बोटांना सुक्या बोंबलाचा वास आला. हात साबणाने धुतला, राखेने धुतला. केळव्यात सगळीकडे बोंबील वाळत घातलेले असतात, वाऱ्यावर वास येणारच. पण तो वास नखांत होता.

आणखी एक गोष्ट मी जयवंतीला सांगितली नाही. झोपून उठलो की माझा डावा हात आपोआप वर जायचा आणि पत्र्यावर आपटायचा. दोन-तीनदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हात बटण शोधतोय. डोक्याच्या डाव्या अंगाला, हातभर वर, भिंतीवरचं पंख्याचं बटण. आमच्या गाडीत पंखा खिडकीला अडकवलेला होता आणि त्याची पिन उजवीकडे होती. मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये बटणं दाराजवळ होती. डावीकडे बटण असलेल्या खोलीत मी आयुष्यात कधी झोपलो नव्हतो, मी नीट आठवून पाहिलं.

६

"ही रीमा कोण?" जयवंतीने एका रविवारी संध्याकाळी विचारलं.

मी हसलो. या वयात कुठली रीमा आणायची, एवढं माझं पेन्शन नाही, असं म्हणालो. ती म्हणाली की तुम्ही दुपारी झोपेत म्हणालात, रीमा, दार ओढून घे, ऊन येतंय. अगदी स्पष्ट म्हणालात. आणि आवाज तुमचाच, पण एखाद्या सासऱ्याने सांगावं तसा. मी म्हटलं, अगं, ऑफिसात एक रीमा होती टायपिंगला. नव्हती. जयवंतीला ऑफिसातल्या सगळ्यांची नावं ठाऊक होती.

तिने तिथल्या तिथे कमळीताईंना फोन लावला. गोधडी कशी आहे, तब्येत कशी आहे असं विचारत विचारत तिने सुनेचं नाव विचारून घेतलं. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. फक्त जयवंतीचा चेहरा दिसत होता, आणि फोन ठेवायच्या आधीच मला उत्तर कळलं.

माझ्यातला क्लेमवाला लगेच जागा झाला. मी म्हटलं की गोधडी द्यायला गेलो तेव्हा कमळीताई हे नाव बोलल्या असतील, माझ्या कानावर पडलं असेल, डोक्यात राहिलं असेल. ती म्हणाली, मी पूर्ण वेळ तिथे होते, नाव निघालं नाही. मग म्हटलं, शेजाऱ्याने हाक मारली असेल. जवळ येऊन तिने माझा हात हातात घेतला आणि तो नाकाशी नेला. एवढ्या वर्षांत ती माझ्यापासून कधी दचकली नव्हती. त्या दिवशी दचकली.

"तुम्ही झोपल्यावर मी काल हलवून बघितलं," ती म्हणाली. "श्वास चालू होता. पण तुम्ही तिथे नव्हतात हो. कसं सांगू, कुणीच नव्हतं."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. चाळीतल्या बाया बोलतात तसं बोलू नकोस, असं मी खेकसलो. ती गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन पाठ करून बसली. थोड्या वेळाने तिचे खांदे हलताना दिसले, तेव्हा मी जाऊन तिच्या बाजूला बसलो.

७

त्यानंतर मी दुपारी झोपणं सोडलं. हे सांगायला सोपं आहे. जेवल्यावर किनाऱ्यावर चकरा मारायचो, डोळ्यांवर पाणी मारायचो, गिऱ्हाइकांशी उगाच गप्पा छाटायचो. जयवंती मला पलंगाची फळी घासून गुळगुळीत करायला द्यायची, दोऱ्याच्या गुंड्या करायला द्यायची, काही ना काही. मी बसल्या जागी पेंगलो की ती माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. आम्ही हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण ती हसत नव्हती. ती माझ्यावर लक्ष ठेवून असायची, दुधावर ठेवतात तसं.

तरी एकदा झालंच. प्लास्टिकच्या खुर्चीत, भर गर्दीत, समोर एक बाई भाव करत असताना. मला वाटलं पापणी लवली तेवढंच. डोळे उघडले तर गर्दी गेलेली, ऊन उतरलेलं, आणि जयवंती माझ्यासमोर जमिनीवर बसून माझं नाव घेत होती. माझ्या बायकोने माझं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर त्या दिवशी. तिचा गळा बसला होता. माझ्या पोटात कुणी वाढलेलं गरम जेवण होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. परत यावंसं वाटलं नव्हतं. हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

"मी तो तुकडा उसवून आणणार," जयवंती म्हणाली. "त्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. माझं माणूस आहे."

मी नाही म्हटलं नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळीच केळवे सोडलं. निघण्याआधी फळीची एक बारीक ढलपी माझ्या उजव्या अंगठ्यात शिरली होती, जयवंतीने ती सुईने काढून वर कापडाची पट्टी बांधली. हायवेला रस्त्याचं काम चालू होतं, ट्रक एकामागे एक उभे होते, आणि आम्ही लवकर निघूनही जूचंद्र ओलांडेपर्यंत दुपार झाली. मला ते आवडलं नाही. तिलाही नाही, पण परत फिरायला दोघंही तयार नव्हतो.

कमळीताईंच्या घरासमोर मी गाडी सावलीत लावली. जयवंतीने पिशवीत कात्री, सुई, दोरा आणि चार तांदूळ घेतले. काशीरामचं काहीतरी कापड तिथेच मागून घ्यायचं होतं. ती म्हणाली की तुम्ही आत येऊ नका, स्टिअरिंगवरून उठू नका, आणि काही झालं तरी डोळे मिटू नका. तिने रेडिओ मोठा केला, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मग दोन पावलं जाऊन परत आली आणि खिडकीतून माझ्या गालाला हात लावला. रस्त्यात कुणासमोर असं करणारी ती नाही.

मी झोपलो नाही. हे मला ठासून सांगायचं आहे. मी खिडकीवर कोपर टेकून बसलो होतो, रेडिओवर भाज्यांचे भाव चालले होते, मिठागरांवरून पांढरं ऊन डोळ्यांत येत होतं. मी बोटांनी दरवाजावर ताल धरला होता. आतून बोलण्याचे आवाज यायला लागले, आधी हळू, मग चढे. जयवंती रडतेय असं वाटलं. तेव्हा मी उठलो आणि आत गेलो. गाडीचं दार उघडल्याचं मला आठवत नाही, पण अशा गोष्टी कोण लक्षात ठेवतं.

ओट्याची तिसरी पायरी फुटलेली होती. मी न बघता तिच्यावरून पाय उचलला. दारातल्या कुत्र्याने मान वर केली आणि शेपूट हलवून पुन्हा झोपलं. मी त्या घरात याआधी पाऊल टाकलं नव्हतं.

९

आतली खोली छोटी होती, निळ्या रंगाची. खिडकीला लागून खाट, खाटेवर पसरलेली गोधडी, आणि खाटेच्या डोक्याशी भिंतीवर, डावीकडे, हातभर उंचीवर पंख्याचं बटण. खाली झाकलेलं ताट होतं. कमळीताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या आणि जयवंती त्यांच्यासमोर उभी होती, हातात कात्री. माझ्याकडे तिची पाठ होती.

ती सांगत होती की चूक आमची आहे, त्यात माझ्या माणसाचा शर्ट गेलाय, तेवढाच तुकडा काढू द्या, तुमच्यासमोर दुसरा लावते. ती कात्रीसकट हात जोडून बोलत होती.

"मला ठाव हाय," कमळीताई म्हणाल्या. "हात लावला तवाच कळला."

जयवंतीने विचारलं, मग बोलला का नाहीत.

"म्हातारा गेला तवापासून या घरात दिवसाचं कोन बोलतं माज्यासंगं?" त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आता दुपारचं कोनतरी बाजूला निजतं. वाढलं का जेवतं. तुजा तुज्याकडं हाय ना, बाय? माज्याकडं कोन आला त तुजं काय कमी झालं? बग, खिडकीतून बग. तो काय गाडीत बसलाय."

जयवंती खिडकीकडे वळली. मीही तिच्या खांद्यावरून पाहिलं.

गाडी सावलीत उभी होती. रेडिओ चालू होता. चालकाच्या खिडकीवर एक कोपर टेकलेलं होतं आणि बोटं दरवाजावर ताल धरत होती. अंगठ्याला कापडाची पट्टी होती.

मी माझा अंगठा वर करून पाहिला. त्याच्यावर पट्टी नव्हती, जखमही नव्हती. मी झोपलो की तिथे कुणीच नसतं, असं जयवंती म्हणाली होती; आता तिथे कुणीतरी होतं.

जयवंतीने मोठा श्वास सोडला. एवढ्या दिवसांची भीती तिच्या अंगातून उतरताना मला मागून दिसली, तिचे खांदे खाली आले, मान सैल झाली. "आहेत," ती म्हणाली. "जागे आहेत." मग तिने डोळे पुसले आणि कात्री पिशवीत टाकली. मी ओरडलो की नको, उसव, आत्ता उसव. मी जिवाच्या आकांताने ओरडलो आणि खोलीत नुसता घसा खाकरल्याचा आवाज झाला.

जयवंती दचकली. तिने खाटेकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं. माझ्यावरूनही तिची नजर गेली. ती घाबरली होती, पण तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा जास्त माया होती, दुसऱ्या बाईच्या दुःखात आपण घुसलोय असं वाटल्यावर येते तशी. तिने वाकून कमळीताईंच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझे माझ्यापाशी आहेत."

ती माझ्या इतक्या जवळून गेली की तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास मला आला. मी तिचा पदर धरायला हात पुढे केला. पदर हातातून गेला, आणि ती फुटकी पायरी चुकवून पटापट उतरली. कमळीताईंनी गोधडीची कड उचलली आणि सरकून जागा केली. मला अनावर झोप येत होती. मी खिडकीचा गज धरून ठेवला.

जयवंती धावतच गाडीपाशी गेली आणि पुढच्या सीटवर चढली. आत बसलेल्याने तिच्याकडे मान वळवली, त्यामुळे मला त्याचं तोंड दिसलं नाही. तो तिला काहीतरी म्हणाला. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली, कपाळाला हात लावून, मोठ्यांदा, मला घरात ऐकू आलं एवढं. कितीतरी दिवसांत ती हसली नव्हती. इतकी मोकळी तर ती माझ्या कुठल्याच बोलण्यावर हसल्याचं मला आठवत नाही.

गाडी मिठागराच्या कडेने वळून गेली. तो तिला काय म्हणाला असेल, तेवढंच मला कळायला हवं होतं.